गरोदरपणातील दम आणि यकृताला वळसा घालणारी शीर

‘दोन जिवांची आहे, दम लागणारच’ हे वाक्य बहुतेक वेळा खरे असते, कारण गरोदरपणात शरीरातील रक्त सुमारे 40 ते 50 टक्क्यांनी वाढते. तथापि एका जिन्यात दोनदा थांबावे लागत असेल, मानेतील शिरा फुगलेल्या दिसत असतील किंवा चालून आल्यावर बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा उतरत असेल, तर त्या वाक्यावर विसंबू नये व टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) विनाविलंब करून घ्यावा. चक्कर येऊन पडल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

एकोमध्ये फुफ्फुसाच्या धमनीतील दाब वाढलेला आढळला की हृदयातील छिद्र, झडपा आणि फुफ्फुसातील गुठळ्या यांचा शोध घेतला जातो, आणि ते योग्यच आहे. मात्र तेथे काही सापडले नाही, तर ‘कारण अज्ञात’ असा शेरा मारण्यापूर्वी पोटाकडे वळावे. लंडनचे शल्यविशारद जॉन ॲबरनेथी यांनी 1793 मध्ये वर्णन केलेल्या एका दुर्मीळ जन्मजात दोषात आतड्यांकडून येणारे रक्त यकृताला वळसा घालून थेट महाशिरेत मिसळते. यकृतात निष्प्रभ व्हायची द्रव्ये त्यामुळे फुफ्फुसांपर्यंत पोहोचतात आणि तेथील बारीक धमन्या अरुंद होत जातात, असे मानले जाते. बाळाच्या सोनोग्राफीच्या वेळीच आईच्या पोर्टल व्हेनची (आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेची) डॉपलर म्हणजे रक्तप्रवाहाची तपासणी करण्याची विनंती चिठ्ठीवर लिहून घ्यावी. यकृतात निष्प्रभ होणाऱ्या द्रव्यांपैकीच एक असलेला रक्तातील अमोनियाही पाहावा. नमुना बर्फात ठेवून तातडीने प्रयोगशाळेत न्यावा, अन्यथा आकडा खोटाच चढतो.

फुफ्फुसाच्या धमनीतील दाब वाढल्याचे निदान झाल्यास गर्भारपण पुढे न्यावे की नाही, हा प्रश्न डॉक्टरांनी टाळू नये, कारण आईच्या जिवाचा धोका फार मोठा असतो. हा दाब कमी करणारी बोसेंटान, मॅसिटेंटान आणि रिओसिग्वाट ही औषधे गर्भाला अपायकारक आहेत. चालू असल्यास ती स्वतःहून न थांबवता तज्ज्ञांकडून त्याच दिवशी बदलून घ्यावीत. सिल्डेनाफिल मात्र वापरता येते. बाळंतपण हृदयरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग एकाच छताखाली असतील तेथेच ठरवावे. रक्तस्राव थांबवण्यासाठी एरवी सहज दिली जाणारी कार्बोप्रोस्ट व मिथाइलअर्गोमेट्रिन ही इंजेक्शने येथे टाळायची आहेत, हे फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहावे. ‘बाळ-बाळंतीण सुखरूप’ असा निरोप नातेवाइकांना गेल्यावरही बाळंतिणीला काही दिवस अतिदक्षता विभागातच ठेवावे, कारण हृदय ढासळण्याची भीती याच दिवसांत सर्वाधिक असते. यकृताला वळसा घालणारी चुकीची वाट बंद करता येईल का, हे नंतर, यकृतात पोर्टल व्हेनच्या शाखा कितपत आहेत ते पाहून ठरते.