इंग्रजीच्या तासाला सिनेमा दाखवताय? या चुका टाळा

पडद्यावर एक माणूस घाईघाईने खिसे चाचपतोय. काउंटरमागची बाई हात पुढे करून थांबलीय, मागची रांग वैतागलीय. त्याचं पाकीट हरवलंय, हे आवाज बंद ठेवला तरी पाचवीतल्या मुलाला कळतं. तुकडा संपल्यावर 'काय झालं?' असं विचारलं की अख्खा वर्ग हात वर करतो. मुलांना इंग्रजी समजलं, असं शिक्षकांना वाटतं आणि मुलांनाही तसंच वाटतं. खरं तर त्यांना चित्र समजलेलं असतं. व्हिडिओवरून इंग्रजी शिकवताना होणाऱ्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात, कारण चित्र एवढं सांगून जातं की कान द्यायची गरजच उरत नाही.

इथलं सगळं मराठी माध्यमाच्या सहावी ते बारावीच्या वर्गांसाठी आणि स्पोकन इंग्लिशचे क्लास घेणाऱ्यांसाठी आहे. राज्यात जून २००० पासून पहिलीलाच इंग्रजी सुरू होतं, म्हणजे आठवीत येईपर्यंत मुलाने सात वर्षं इंग्रजी वाचलेलं आणि लिहिलेलं असतं. ऐकलेलं असतं ते मात्र बहुतेक वेळा फक्त आपल्या सर-मॅडमच्या तोंडून. व्हिडिओ वापरायचा तो ही उणीव भरून काढायला.

अख्खा सिनेमा लावणं

दोन तासांचा सिनेमा ३५ मिनिटांच्या तासिकांत तोडून चार दिवस दाखवला जातो. मुलं खूश, वर्ग शांत, आणि पाचव्या दिवशी एकही नवं वाक्य कोणाच्या तोंडी नाही. थोडा हिशोब करून पाहा. साधं बोलणं मिनिटाला १५० शब्दांच्या आसपास चालतं. सलग संवाद असलेल्या तीन मिनिटांत चारशेच्या वर शब्द येतात, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या एका छोट्या धड्याएवढा ऐवज. धडा आपण चार तास शिकवतो आणि इथे तेवढाच मजकूर तीन मिनिटांत पुढे सरकतो.

शब्दसंपत्तीचं गणितही असंच आहे. सर्वांत जास्त वापरातली तीन हजार शब्दकुटुंबं (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुटुंब, जसं 'हेल्प', 'हेल्प्ड', 'हेल्पफुल') येत असतील, तर सिनेमातल्या संवादांपैकी साधारण ९५ टक्के शब्द ओळखीचे निघतात. तरीही दर वीस शब्दांमागे एक अनोळखी राहतोच, आणि आपल्या आठवीतल्या मुलाकडे तीन हजार शब्दकुटुंबं क्वचितच असतात.

म्हणून दीड ते तीन मिनिटांचा एकच तुकडा घ्या आणि तो एका तासात चार-पाच वेळा ऐकवा. निवडताना चार गोष्टी बघा: बोलणारी माणसं दोनच, चेहरे समोरून दिसतायत, जागा एकच, आणि कोणाला तरी काहीतरी हवंय. मागणी, नकार, तक्रार, माफी, पत्ता विचारणं अशा प्रसंगांत नेहमीची वाक्यं भरपूर मिळतात. मारामारी आणि पाठलाग वगळा, कारण तीन मिनिटांत वीस शब्दही हाती लागत नाहीत. कार्टूनमधले चिरके, मुद्दाम विचित्र काढलेले आवाज नवशिक्यांना माणसांच्या आवाजापेक्षा अवघड जातात. निसर्गावरच्या माहितीपटाचं निवेदन संथ आणि स्वच्छ असतं. पहिल्या दोन-तीन तासांना ते उत्तम, पण तसं बोलणारा माणूस रस्त्यावर भेटत नाही, म्हणून तिथेच अडकून राहू नका.

चित्र बघून सुटणारे प्रश्न

प्रश्न काढून झाले की तुकडा एकदा आवाज पूर्ण बंद करून स्वतः बघा आणि आपलेच प्रश्न सोडवा. जे सुटले ते खोडा. 'ती कुठे काम करते?', 'तो का चिडला?' असले प्रश्न इथेच गळतात. 'तिने त्याला किती वाजेपर्यंत थांबायला सांगितलं?', 'तो आधी काय कारण देतो आणि नंतर ते कसं बदलतो?' हे टिकतात. दोन मिनिटांच्या तुकड्याला असे पाच प्रश्न पुरतात. ते व्हिडिओ सुरू करण्याआधी फळ्यावर असले पाहिजेत. नंतर विचारले तर ती स्मरणशक्तीची परीक्षा होते.

आवाज बंद करून बघण्याचा उपयोग वर्गातही होतो. पहिल्यांदा मुलांना मूक तुकडा दाखवा आणि ही माणसं काय बोलत असतील त्याची चार वाक्यं जोडीने लिहू द्या. मग आवाज लावा. आता प्रत्येक मूल आपलं वाक्य येतंय का, यासाठी कान टवकारून ऐकतं. दुसरा मार्ग असा: प्रत्येक जोडीतल्या एकाने पडद्याकडे पाठ करून बसायचं. त्याला फक्त ऐकू येतं, तर समोरच्याने दिसतंय ते इंग्रजीत सांगायचं. मोठ्या वर्गात थोडा गोंगाट होतो, होऊ द्या.

सबटायटल्सची गल्लत

सर्वाधिक नुकसान इथे होतं, म्हणून जरा सविस्तर. मराठी किंवा हिंदी सबटायटल्स लावली की डोळे खालच्या ओळीवर खिळतात आणि इंग्रजी हा पार्श्वसंगीताचा एक भाग होतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चांगलं इंग्रजी येणाऱ्या डच विद्यार्थ्यांना स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन धाटणीच्या इंग्रजीतले तुकडे दाखवले होते. नंतर त्याच माणसांची नवी वाक्यं ऐकवली, तेव्हा इंग्रजी सबटायटल्स बघितलेल्यांना ती सर्वांत चांगली ओळखता आली. डच सबटायटल्स बघितलेले तर काहीच सबटायटल्स न मिळालेल्यांच्याही मागे पडले. परका उच्चार कानाला ओळखीचा व्हायला त्याच भाषेतली अक्षरं मदत करतात, मायबोलीतली अक्षरं आड येतात.

इंग्रजी सबटायटल्स मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत लावून ठेवायची नाहीत. त्याच भाषेतल्या सबटायटल्सचा आपल्याकडचा गाजलेला उपयोग साक्षरतेसाठी झाला. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी चित्रगीतांखाली गाण्याच्याच ओळी दाखवायची कल्पना दूरदर्शनवर आणली. तिथल्या प्रेक्षकाला गाणं कानाने पाठ होतं, शिकायची होती ती अक्षरं. आपल्या विद्यार्थ्याचं अगदी उलट आहे. त्याला अक्षरं येतात, कान कच्चा आहे. सबटायटल्स कायम दिसत राहिली तर तो जमतं तेच करतो, म्हणजे वाचतो.

क्रम असा ठेवा. आधी प्रसंगाची दोन वाक्यांत मराठीतून ओळख करून द्या, त्याने मराठी सबटायटल्सची गरज संपते. पहिली दोन वेळा सबटायटल्स बंद. तिसऱ्यांदा इंग्रजी सबटायटल्स चालू, अडलेल्या वाक्यावर थांबत थांबत. शेवटच्या वेळी पुन्हा बंद. हे शेवटचं ऐकणं वेळ संपली म्हणून गाळू नका. वाचलेलं कानात उतरतं ते याच फेरीत.

सबटायटल्स शब्दशः नसतात हेही ध्यानात ठेवा. एका वेळी दोनच ओळी आणि एका ओळीत साधारण ४२ अक्षरं एवढीच जागा असते. त्यामुळे 'वेल', 'यू नो' असले शब्द आणि अडखळणं छाटलं जातं, कधी अख्खं वाक्य आखडतं. "सर, तो वेगळंच बोलला" असं एखादी मुलगी म्हणाली तर आधी मागे जाऊन ऐका, बहुधा तिचंच बरोबर असतं. यंत्राने आपोआप तयार केलेली सबटायटल्स नावं आणि भारतीय उच्चार हमखास चुकवतात, ती तपासल्याशिवाय वर्गात नेऊ नका. आणि हिंदी किंवा मराठी सिनेमाखालची इंग्रजी ओळ म्हणजे भाषांतर. वाचनाला ठीक, ऐकण्याच्या सरावाला तिचा उपयोग नाही.

सबटायटल्स मागे-पुढे धावत असतील तर व्हीएलसी प्लेअरमध्ये 'जी' आणि 'एच' ही बटणं दाबून वेळ जुळवता येते, एका दाबात ५० मिलिसेकंद. सबटायटल्सची एसआरटी फाइल व्हिडिओच्याच फोल्डरमध्ये त्याच नावाने ठेवली की ती आपोआप उचलली जाते. हीच फाइल नोटपॅडमध्ये उघडून वेळेचे आकडे पुसले की संवादांची संहिता तयार मिळते.

"ते फार भराभर बोलतात"

मुलं असं म्हणाली की बहुतेक शिक्षक वेग ०.७५ वर आणतात. त्याने स्वर ताणले जातात, पण गिळलेले आवाज परत येत नाहीत. अडचण वेगाची कमी आणि वजनाची जास्त आहे. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखं वजन देतो. इंग्रजीत अर्थ वाहणाऱ्या शब्दांवर जोर पडतो आणि मधले 'टु', 'आर', 'ऑफ', 'हॅव' चेपले जातात. 'व्हॉट आर यू गोइंग टु डू अबाउट इट' हे आठ शब्दांचं वाक्य अमेरिकन माणसाच्या तोंडून 'व्हॉड्य गना डू अबाउडिट' असं बाहेर पडतं. मुलाला आठही शब्द लिहिलेले येतात, तरी ऐकताना एकही सापडत नाही.

असं एकच वाक्य घेऊन दहा मिनिटं द्या. वाक्य तीनदा ऐकवा आणि किती शब्द आहेत ते मुलांना बोटांनी दाखवू द्या. उत्तरं चारपासून दहापर्यंत येतील. मग फळ्यावर आठ रेघा मारा आणि ऐकू येतील तसे शब्द भरत जा. साधारण 'व्हॉट', 'डू', 'अबाउट' आधी येतात. उरलेल्या जागी व्याकरणाने काय असायला हवं, हे मुलंच सांगतात. शेवटी सगळ्यांनी मूळ वेगात, 'व्हॉट' आणि 'डू'वर बाकावर थाप देत, वाक्य म्हणायचं. व्हीएलसीमध्ये व्ह्यू मेनूतून ॲडव्हान्स्ड कंट्रोल्स चालू केले की ए-बी बटणाने तेवढाच भाग फिरवत ठेवता येतो. शिफ्ट आणि डावा बाण दाबला की तीन सेकंद मागे जाता येतं. यूट्यूबवर नुसता डावा बाण पाच सेकंद मागे नेतो.

एका जोडीकडे खास लक्ष द्या, तिथे अर्थच उलटा होतो. 'आय कॅन कम' यातला 'कॅन' नेहमीच्या बोलण्यात 'कन्' इतका बारीक होतो. अमेरिकन 'कान्ट' मात्र 'कॅन्ट' असा येतो आणि शेवटचा 'ट' बऱ्याचदा तोंडातच राहतो. मुलांना ठसठशीत 'कॅन' ऐकू येतो आणि तो येणार, असं ती लिहितात. त्याने तर नकार दिलेला असतो. खूण सोपी आहे: ठसठशीत ऐकू आला तर नकार, चेपलेला ऐकू आला तर होकार.

गाळलेल्या जागांची गर्दी

दोन मिनिटांच्या संहितेत पंचवीस रिकाम्या जागा ठेवल्या की मूल मान खाली घालून लिहीतच बसतं. आठ जागा पुरेत, आणि दोन जागांत किमान दहा सेकंदांचं अंतर हवं. स्पेलिंग अवघड असलेला शब्द गाळू नका, त्यात चूक झाली तर ती कानाची की स्पेलिंगची हे कळत नाही. पहिल्या ऐकण्यात पेन खाली.

आवाज ऐकूच न येणं

लॅपटॉपचा आवाज पन्नास मुलांच्या वर्गात तिसऱ्या बाकापलीकडे पोचत नाही. वर चार पंखे, आणि पावसाळ्यात पत्र्याचं छप्पर असेल तर विचारूच नका. वेगळा स्पीकर हवाच. तो ब्लूटूथवर न लावता ३.५ मिलिमीटरच्या वायरने जोडा. ब्लूटूथवर आवाज क्षणभर मागे पडू शकतो आणि ओठ नि शब्द जुळत नाहीत. उच्चार शिकणारा विद्यार्थी ओठ बघत असतो, म्हणून हा फरक त्याला फार नडतो. एचडीएमआय केबल लावल्यावर आवाज प्रोजेक्टरकडे निघून जातो आणि स्पीकर मुका होतो. अशा वेळी टास्कबारवरच्या स्पीकरच्या खुणेवरून आउटपुट बदला.

संगीत दणदणीत आणि संवाद पुटपुटल्यासारखे येत असतील तर फाइलमधला ५.१ (म्हणजे सहा चॅनेलचा) ऑडिओ दोन स्पीकरवर वाजतोय. त्यात संवाद मुख्यतः मधल्या चॅनेलवर असतात. ऑडिओ ट्रॅकमध्ये स्टिरिओचा पर्याय असेल तर तो निवडा, नसेल तर व्हीएलसीच्या इफेक्ट्समधला कॉम्प्रेसर (मोठे आणि बारीक आवाज जवळ आणणारी सोय) चालू करा. शेवटच्या बाकावर बसून एकदा स्वतः ऐका. तिथून सबटायटल्सही दिसतायत का बघा. पुढच्यांच्या डोक्याआड जात असतील तर सेटिंगमध्ये त्यांची जागा वर सरकवता येते. खोली पूर्ण अंधारी करू नका, पडद्याजवळची खिडकी झाकली की पुरे. मुलांना वही दिसली पाहिजे.

कायद्याचं थोडक्यात: कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेच्या कामकाजात, फक्त कर्मचारी, विद्यार्थी, पालक आणि संस्थेशी संबंधित लोकांसमोर सिनेमा दाखवायला सवलत आहे. गावासाठी तिकीट लावून दाखवणं त्यात बसत नाही. प्रमाणपत्र बघाच, २०२४ पासून यूए गटात ७, १३ आणि १६ असे वयाचे टप्पे आहेत. तरी तुकडा आधी पूर्ण बघितलेला हवा, प्रमाणपत्र अख्ख्या सिनेमाला असतं.

बघून झालं, तास संपला

तुकडा मुलांच्या तोंडात गेला नाही तर दोन दिवसांत विरून जातो. शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. आवाज बंद करून तोच प्रसंग लावा आणि दोघांना पुढे बोलावून पात्रांचे संवाद म्हणायला सांगा, ओठांच्या बरोबरीने. पहिल्या वेळी सगळे मागे पडतात, कारण प्रत्येक शब्द सुटा म्हणतात. 'गना'चं पुन्हा 'गोइंग टु' झालेलं असतं. तिसऱ्या फेरीत वाक्य वेळेत बसायला लागतं. सहा-आठ ओळींचाच तुकडा घ्या. घरच्या अभ्यासाला तीच फाइल मोबाइलवर द्या, रोज फक्त दोन ओळी: ऐकायच्या, थांबवून म्हणायच्या, आपला आवाज रेकॉर्ड करून मूळ आवाजाशेजारी ठेवून ऐकायचा. दुसऱ्या दिवशी तासाच्या सुरुवातीला तीन मुलांची रेकॉर्डिंग्ज वर्गात लावा आणि कोणता शब्द अजून जास्त जोराने येतोय, ते बाकीच्यांना सांगू द्या.