गळाच्या काठीचा स्टँड

गंगापूर धरणाच्या काठी एका कटला माशाने माझी गळाची काठी रिळासकट पाण्यात ओढून नेली. तेव्हापासून दगडांच्या आधारावर काठी ठेवणं मी बंद केलं.

दीड इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा घ्या. वरच्या तोंडाला रिळाची दांडी बसेल एवढी खाच कापा आणि कडा कानसीने घासा, नाहीतर काठीची मूठ सोलते. पाइपला 10 मिमीची अडीच फुटी सळई दोन क्लॅम्पनी आवळा. खालचं टोक अणकुचीदार हवं.

काळ्या मातीत सळई निदान फूटभर ठोका, पाण्याकडे किंचित झुकवून. फार आडवी केली तर ओढ बसताच काठी पाइपातून निसटते. रिळाचा ड्रॅग, म्हणजे ओढ बसली की दोर सुटू देणारा ब्रेक, मात्र सैलच ठेवा.