कुस्तीवाल्या पोराचं नेव्ही प्रेपचं वर्ष: निघायच्या आधी काय काय उरकायचं

आमचा मुलगा न्यू जर्सीत हायस्कूलला कुस्ती खेळला आणि मग थेट ॲनापोलिसला (नेव्हीचे ऑफिसर घडवणाऱ्या नेव्हल ॲकॅडमीत) न जाता आधी एक वर्ष र्‍होड आयलंडला, न्यूपोर्टच्या नेव्हल ॲकॅडमी प्रेपरेटरी स्कूलला गेला. सगळे त्याला नॅप्स म्हणतात. तेव्हापासून कुणाच्याही पोराला ॲकॅडमीच्या कुस्ती कोचचा फोन आला की दुसरा फोन आमच्या घरी येतो, काय तयारी करायची म्हणून, तर एकदाच सगळं लिहून टाकतेय. आर्मीच्या ॲकॅडमीचं, म्हणजे वेस्ट पॉइंटचं, प्रेप स्कूल वेस्ट पॉइंटलाच आहे (२०११ पर्यंत ते आमच्या न्यू जर्सीत फोर्ट मॉनमथला होतं), एअर फोर्सचं कोलोरॅडो स्प्रिंग्सला. बारीक नियम वेगळे, पण धावपळ साधारण हीच.

आधी एक गोष्ट घरात सगळ्यांना समजावून ठेवा, नॅप्सचा वेगळा फॉर्म नसतो. फॉर्म भरायचा तो ॲकॅडमीचा, आणि ॲकॅडमीच ठरवते की या पोराला एक वर्ष आधी तिकडे पाठवू. म्हणजे हे नापास होणं नाही, हे मला माझ्या नणंदेला चार वेळा सांगावं लागलं, तरी तिचं "वर्ष वाया गेलं ना गं" चालूच. आणि कोच कितीही गोड बोलला तरी त्याचा शब्द म्हणजे ॲडमिशन नाही, ते ॲडमिशनवाल्यांच्या हातात. नॅप्स पूर्ण केलं म्हणून ॲनापोलिस पक्कं असंही नाही, तिथे मार्क दाखवावे लागतात. त्यामुळे एखाद्या साध्या कॉलेजात जागा राखता आली तर राखून ठेवा, जमत असेल तर एक वर्ष पुढे ढकलून. आणि ॲकॅडमीची चार वर्षं, मग किमान ५ वर्षं नोकरी, हे बोलणं कोचसमोर नको, घरी जेवताना करा, पोराला स्वतःला हवंय की बापाला ते तेव्हाच कळतं.

आता कागद. आपल्या लोकांची सगळ्यात मोठी अडचण नावाची. बर्थ सर्टिफिकेटवर मधलं नाव वडिलांचं, पासपोर्टवर ते पहिल्या नावाला चिकटलेलं, सोशल सिक्युरिटी कार्डावर मधलं नावच गायब. आमची तीन कागदांवर तीन नावं होती आणि ते सरळ करण्यात माझा अख्खा मार्च गेला, तेव्हा हे बारावीच्या सुरुवातीलाच करा. नागरिकत्व अमेरिकेचंच लागतं. पोरगं ग्रीन कार्डवर असेल, १८ च्या आत असेल, तुमच्याजवळ राहत असेल आणि आईबापांपैकी एकजण सिटिझन झालं तर तेही आपोआप होतं, पण त्याचा पुरावा हातात पाहिजे, तेव्हा पासपोर्ट लगेच काढा. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) असेल तर विचारतील तिथे सरळ सांगा, भारतातले नातेवाईकही सांगा, लपवण्यासारखं त्यात काही नाही. सोबत लसींची नोंद आणि बँकेचं खातं, कारण तिथे पोरं नेव्हीच्या रिझर्व्हमध्ये भरती होतात आणि थोडाफार पगार मिळतो. आमच्या ह्यांना तो पगार ऐकून जो आनंद झाला तो विचारू नका.

नॉमिनेशनचं बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ॲनापोलिसला जायला सिनेटर किंवा काँग्रेसमनचं नॉमिनेशन, म्हणजे त्यांनी अधिकृतपणे नाव सुचवणं, लागतं. नॅप्सला जाताना ते लागत नाही आणि तिथल्या पोरांसाठी सेक्रेटरी ऑफ द नेव्हीकडून वेगळी सोय आहे, त्यामुळे पोरं निवांत बसतात. बसू देऊ नका. तिथे गेल्यावर सप्टेंबरमध्ये हे सुचत नाही, तेव्हा उन्हाळ्यातच दोन्ही सिनेटर आणि आपल्या डिस्ट्रिक्टचा काँग्रेसमन अशा तिघांच्या वेबसाइट बघून फॉर्म, निबंध, शिफारसपत्रं तयार ठेवा. तारखा प्रत्येक ऑफिसच्या वेगळ्या असतात.

मेडिकल म्हणजे डॉडमर्ब, डिफेन्सवाल्यांचं मेडिकल बोर्ड, आणि पैलवानाचं घोडं इथेच अडतं. खांदा निखळला होता का, गुडघ्याचं ऑपरेशन, डोक्याला मार लागून कन्कशन, १३ व्या वाढदिवसानंतर दम्याचा पंप, सगळं विचारतात. आमच्या पोराला दहावीत कन्कशन झालं होतं आणि ह्यांचं म्हणणं की कशाला लिहायचं, दोन आठवड्यांत तर बरा झाला. मी लिहायला लावलं, कारण शाळेच्या ट्रेनरकडे नोंद होती आणि खोटं सापडलं तर मग संपलंच. डॉडमर्ब फक्त पास की नापास सांगतं, नापास झालात तरी सूट द्यायची की नाही ते ॲकॅडमी ठरवते, तेव्हा एक नकाराचं पत्र आलं म्हणून घरात सुतक पाळू नका. जुने एमआरआय, डॉक्टरांच्या नोट्स, किती दिवसांनी मॅटवर परत सोडलं त्याचं पत्र, सगळं एका फोल्डरमध्ये.

ॲडमिशनसाठीच्या फिटनेस टेस्टचं हसू येईल तुम्हाला. पोरगं पुलअप्स मारेल (मुलांना पैकीच्या पैकी मार्कांसाठी १८ लागतात), शटल रनही काढेल, आणि अडकेल बास्केटबॉल फेकण्यात. दोन्ही गुडघे टेकून, एका हाताने, डोक्यावरून फेकायचा. आमचा, ज्याने अख्खा सीझन समोरच्याचा एकेरी पट काढला, त्याचा पहिला बॉल जिमच्या भिंतीवरच्या घड्याळाला लागला आणि दुसरा जेमतेम ४० फुटांवर पडला. पैलवानाचे खांदे जखडलेले असतात, महिनाभर रोज फेकायला लावा, येतं. आणि मैलाची धाव सगळ्यात शेवटी असते, म्हणजे दमलेल्या पायांनी पळायची सवय पाहिजे.

आता मुख्य. हे वर्ष कुस्तीचं नाही, गणिताचं आहे. इंग्लिश, गणित, केमिस्ट्री, फिजिक्स, दहा महिने हेच. आणि कुस्तीवाली पोरं बहुतेक याच कारणाने तिथे गेलेली असतात, कारण हायस्कूलचा सीझन ऐन थंडीत येतो आणि केमिस्ट्रीचा ग्रेड नेमका त्याच मार्किंग पिरियडला घसरतो, आमच्या रिपोर्ट कार्डवर ते आलेखासारखं दिसायचं. गेल्या गेल्या प्लेसमेंट टेस्ट (कोण कुठल्या पातळीच्या वर्गात बसणार ते ठरवणाऱ्या) होतात. म्हणून जूनमध्ये कुस्तीचा कॅम्प एक कमी करा पण अल्जिब्रा, ट्रिग, लॉगॅरिदम आणि मोल-ग्रॅमची गणितं हाताने, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून, रोज तासभर सोडवायला लावा. आमच्याकडे डायनिंग टेबलवर हाच तमाशा, पोरगं म्हणायचं की आई हे मला येतं, आणि मग लॉगच्या पहिल्याच गणितात पाटी कोरी. नेव्हीवाल्यांना माहितीये की तुमचा पोरगा कुस्ती खेळतो, त्यांना बघायचंय तो थकून आल्यावर रात्री पुस्तक उघडतो का.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि यावर मी जरा चिडूनच लिहिणार आहे. आमचा १३८ पौंडात खेळायचा आणि त्यासाठी जानेवारीत भात बघून तोंड फिरवायचा. माझे सासरे कोल्हापूरकडचे, तरुणपणी लाल मातीत खेळलेले, ते व्हिडिओ कॉलवर बघून म्हणाले, "पैलवानाला उपाशी ठेवता होय रे?" आणि खरंच त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. कॉलेजात वजनाचे वर्ग वेगळे आहेत, १२५, १३३, १४१, १४९ पौंड असे, म्हणजे पोराला वाढायचंच आहे, आणि हे वर्ष वाढायला मिळालेलं आहे, तेव्हा निघायच्या आधी वजन अजिबात उतरवू नका. १९९७ मध्ये महिनाभराच्या आसपास तीन कॉलेज पैलवान वजन उतरवताना गेले, त्यानंतर एनसीएएने (कॉलेजच्या खेळांची संघटना) सौना, रबरी सूट बंद केले. आता सीझनआधी लघवी तपासून शरीरात पाणी पुरेसं आहे ना ते बघतात, मगच कमीत कमी वजन ठरतं, आणि आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त उतरवता येत नाही. पोराने कोणता वर्ग धरायचा ते कोचला विचारा, आमच्या कोचने १४९ सांगितलं आणि मी त्या दिवशी पुरणपोळी केली.

मॅटवर काय करायचं ते पोरांना कळतं, मी फक्त बाकावर बसून शिकलेली आई. तरी एक, हायस्कूलला सहा मिनिटं असतात, कॉलेजात सात, आणि वर राहून समोरच्याला दाबून ठेवलं तर त्या वेळेचा पॉइंट मिळतो, जो हायस्कूलला नाहीच. म्हणजे खालून उठता न येणारं पोरगं तिथे मार खातं. उन्हाळ्यात तेवढं करून घ्या.

त्वचा. रिंगवर्म म्हणजे आपलं गजकर्ण, अंगावर असेल तर कॉलेजच्या नियमाने निदान ७२ तास औषध लावल्याशिवाय मॅटवर सोडत नाहीत, डोक्यात असेल तर १४ दिवस गोळ्या. एका खोलीत पोरं राहतात, एकाला झालं की सगळ्यांना. जायच्या तीन आठवडे आधी डॉक्टरला दाखवा.

बॅगेबद्दल फार लिहीत नाही, ते यादी पाठवतात, तीच पाळा, लाडाने जास्तीचं भरू नका, चिवडा तर नकोच. पळायचे बूट मात्र आधी महिनाभर वापरलेले द्या, नव्या बुटांनी पहिल्याच आठवड्यात टाचा सोलतात. चष्मा असेल तर दोन. सुरुवातीचे तीनेक आठवडे इंडॉक, म्हणजे लष्करी शिस्तीचं ट्रेनिंग, असतं, फोन हातात नसतो, तेव्हा पाकिटांवर पत्ते लिहून, स्टँप चिकटवून द्या, नाहीतर पत्र येणार नाही. आमचं पहिलं पत्र चार ओळींचं होतं, त्यातली एक ओळ काळे मोजे पाठव अशी.

कुस्तीचे शूज मी नंतर पोस्टाने पाठवले. घरात एकाच रंगाचे जुने-नवे दोन जोड होते आणि मी घाईत दोन्ही डावे भरले. तेव्हा पेटी बंद करायच्या आधी पायात घालून बघा.