रॉथ कन्व्हर्जन: साठीनंतर कसं करावं आणि कुठे थांबावं

अमेरिकेत पंचवीस-तीस वर्षं नोकरी करून निवृत्त होणाऱ्या आपल्या लोकांचा बहुतेक पैसा ४०१-के (नोकरीतून मिळणारं) आणि ट्रॅडिशनल आयआरए (स्वतः उघडलेलं) या निवृत्तीच्या खात्यांमध्ये असतो. खात्यावर दिसणारी ती रक्कम सगळी आपली नसते, तिच्यावरचा इन्कम टॅक्स अजून द्यायचा असतो. तो टॅक्स आजच भरून पैसे रॉथ आयआरएमध्ये, म्हणजे पुढे काढताना टॅक्स लागत नाही अशा खात्यात, हलवणं म्हणजे रॉथ कन्व्हर्जन. मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत याबद्दल दोनच सल्ले कानावर येतात: "सगळं रॉथ करून टाका" आणि "आत्तापासून कशाला टॅक्स भरायचा?" आमचं आणि बहीण-मेहुण्यांचं कन्व्हर्जन मी दरवर्षी स्वतः बसून करते, आणि हे दोन्ही सल्ले ऐकले की माझा संयम सुटतो. खरा प्रश्न एकच असतो: यंदा किती?

कोणत्या वर्षांत

पगार थांबल्यापासून सक्तीने पैसे काढायची वेळ, म्हणजे आरएमडी, सुरू होईपर्यंतची वर्षं यासाठी उत्तम. १९५१ ते १९५९ मध्ये जन्मलेल्यांची आरएमडी ७३व्या वर्षी सुरू होते, १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांची ७५व्या. सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन, वयाच्या ७० पर्यंत लांबवली तर ही वर्षं आणखी मोकळी मिळतात, कारण एकदा ती सुरू झाली की तिचा ८५ टक्क्यांपर्यंत भाग टॅक्सला लागतो.

आरएमडी सुरू झाल्यावरही कन्व्हर्जन करता येतं. मात्र त्या वर्षाची आरएमडी आधी काढायची, मगच उरलेल्यातून कन्व्हर्जन. आरएमडीची रक्कम रॉथमध्ये टाकता येत नाही. पहिल्या वर्षाची आरएमडी पुढच्या १ एप्रिलपर्यंत घ्यायची मुभा असली, तरी त्याच वर्षी कन्व्हर्जन करणार असाल तर ती आधीच काढावी लागते.

आयआरएत टॅक्स भरलेले पैसे मिसळलेत का?

वजावट न घेता आयआरएत पैसे टाकले असतील तर "मी फक्त तेवढेच काढून रॉथ करतो" हे चालत नाही. तुमच्या सगळ्या ट्रॅडिशनल आणि (छोट्या व्यवसायांतल्या) सेप, सिंपल आयआरएंची ३१ डिसेंबरची बेरीज धरली जाते. एकूण १,००,००० डॉलरमध्ये टॅक्स भरलेले ७,००० असतील, तर कन्व्हर्जनचा सात टक्केच भाग टॅक्समुक्त, मग पैसे कोणत्याही खात्यातून काढा. ४०१-के या बेरजेत येत नाही.

किती करायचं: इथेच सगळं अडतं

जवळजवळ प्रत्येक जण सांगतो, "टॅक्सचा टप्पा भरून टाका." २०२६ मध्ये पती-पत्नीच्या एकत्र रिटर्नला २२ टक्क्यांचा टप्पा २,११,४०० डॉलर करपात्र उत्पन्नापर्यंत आहे. त्यात ३२,२०० ची स्टँडर्ड डिडक्शन मिळवली की एकूण उत्पन्न २,४३,६०० होतं. ऐकायला सोपं आहे. पण मेडिकेअरची, म्हणजे ६५ नंतरच्या सरकारी आरोग्य विम्याची, रेषा त्याच्या बरीच अलीकडे आहे.

मेडिकेअरच्या हप्त्यावर उत्पन्नानुसार जादा आकार लागतो, त्याला इर्मा म्हणतात. तो दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर ठरतो. २०२६ च्या हप्त्यासाठी २०२४ चं उत्पन्न बघतात आणि जोडप्याला रेषा २,१८,००० डॉलरची आहे. म्हणजे ६३व्या वर्षी केलेलं कन्व्हर्जन ६५व्या वर्षी हप्त्यात दिसतं. इन्कम टॅक्स चढावासारखा वाढतो, टप्पा ओलांडला तर वरच्या डॉलरवरच जास्त दर लागतो. इर्मा कड्यासारखा आहे. रेषेच्या एक डॉलर पुढे गेलात की वर्षभराचा पूर्ण जादा आकार, तोही दोघांना.

२०२३ मध्ये मी नेमकी इथे पडले. पेन्शन, व्याज, लाभांश सगळं मांडून नोव्हेंबरात कन्व्हर्जन केलं. चलनवाढ धरून २०२५ ची रेषा २,१२,००० च्या आसपास येईल असा अंदाज होता, आणि तो बरोबर निघाला. मी २,११,००० वर थांबले, हजार डॉलर हाताशी ठेवून. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका म्युच्युअल फंडाने वर्षअखेरचा कॅपिटल गेन वाटला, १,६४० डॉलर. तो मी धरलाच नव्हता. रेषा ६४० डॉलरनी ओलांडली गेली.

पुढे सोशल सिक्युरिटीची दोन पाकिटं आली, एक माझ्या नावाचं, एक नवऱ्याच्या. मेडिकेअरच्या पार्ट बीचा (डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) हप्ता १८५ च्या जागी २५९ डॉलर, पार्ट डीवर (औषधांचा भाग) महिन्याला १३.७० जादा. माणशी महिन्याला ८७.७०. दोघांचे वर्षाचे २,१०४.८० डॉलर, सहाशेचाळीस डॉलरपायी. ते कागद मी अजून टॅक्सच्या फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवले आहेत.

आणि ही चूक मागे घेता येत नाही. २०१७ च्या कायद्याने कन्व्हर्जन उलटवायची सोय काढून टाकली, २०१८ पासून ती नाही. निवृत्ती किंवा जोडीदाराचं निधन अशा कारणांसाठी एसएसए-४४ फॉर्म भरून हप्ता कमी करून मागता येतो, पण रॉथ कन्व्हर्जन त्या कारणांत बसत नाही. जुने लेख वाचून "नंतर उलटवू" म्हणणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं.

आता मी असं करते. कन्व्हर्जन दोन हप्त्यांत. साधारण ७० टक्के उन्हाळ्यापर्यंत, उरलेलं डिसेंबरात फंडांचं वाटप खात्यावर दिसल्यानंतरच. उत्पन्न मोजताना म्युनिसिपल बाँडचं टॅक्समुक्त व्याजही धरते, कारण इर्मा ते मोजतो. दोन वर्षांनंतरची रेषा आज जाहीर नसते, म्हणून आज जी जाहीर आहे तिच्याच ५,००० डॉलर अलीकडे थांबते. चलनवाढीचा फायदा झालाच तर तो वरचा. एखाद्या वर्षी रेषा ओलांडायचीच असेल तर थोडक्याने ओलांडू नका. जादा आकार पुढच्या रेषेपर्यंत तोच राहतो, तेव्हा ठरवून तिच्या जवळपर्यंत जा आणि पुढचं वर्ष मोकळं ठेवा.

६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना २०२५ ते २०२८ या काळात माणशी ६,००० डॉलरची जादा वजावट आहे. जोडप्याचं उत्पन्न दीड लाखाच्या वर गेलं की ती घटत जाते. तीही हिशेबात धरा. ६५ च्या आधी मार्केटप्लेसचा (सरकारी बाजारपेठेतून स्वतः घेतलेला) आरोग्य विमा असेल तर त्याची सबसिडीही याच उत्पन्नावर ठरते.

एवढं सांगूनही मी कन्व्हर्जनच्या बाजूची का? जोडीदार गेल्यावर मागे राहिलेल्याला, बहुधा बाईला, एकटीचं रिटर्न भरावं लागतं. आयआरए तेवढाच, आरएमडी जवळपास तेवढीच, पण टॅक्सचे टप्पे जवळजवळ निम्मे आणि इर्माची रेषा २,१८,००० ची १,०९,०००. माझ्या ओळखीच्या एका काकूंचं उत्पन्न काका गेल्यावर कमी झालं आणि टॅक्स वाढला. दोघं आहात तोवर दोघांच्या टप्प्यांत हे काम उरकून घ्या.

टॅक्सचे पैसे

बाहेरच्या बचतीतून भरा. आयआरएतूनच कापून घेणार असाल तर कन्व्हर्जनचा निम्मा अर्थ जातो, आणि साडेएकोणसाठच्या आत असाल तर कापलेल्या रकमेवर १० टक्के दंडही बसतो. फॉर्मवर विदहोल्डिंगच्या रकान्यात शून्य लिहायला विसरू नका, नाहीतर आपोआप १० टक्के कापले जातात. तिमाही टॅक्स कमी भरल्याचा दंड टाळायचा तर गेल्या वर्षीच्या टॅक्सच्या ११० टक्के वेळेत भरला की पुरे.

प्रत्यक्ष हलवणं

एकाच कंपनीत दोन्ही खाती ठेवा, ऑनलाइन पाच मिनिटांचं काम आहे. मुदत ३१ डिसेंबर, १५ एप्रिल नव्हे. चेक हातात घेऊ नका.

पहिलं रॉथ खातं मात्र लवकर उघडा, शंभर डॉलरचं का असेना. साडेएकोणसाठ उलटल्यावर कन्व्हर्ट केलेली रक्कम कधीही काढता येते, पण तिच्यावरची वाढ टॅक्समुक्त व्हायला पहिल्या रॉथच्या वर्षापासून पाच वर्षं मोजतात.

जानेवारीत खात्यातून काढलेल्या रकमेचा कागद, १०९९-आर, येतो; रिटर्नला कन्व्हर्जनचा हिशेब दाखवणारा फॉर्म ८६०६ जोडायचा. दरवर्षीचा ८६०६ जपून ठेवा.

भारतात परतणार असाल तर

बरीच वर्षं बाहेर राहून परतलेल्याला सुरुवातीची दोन-तीन वर्षं आरएनओआर (रहिवासी, पण सामान्य रहिवासी नव्हे) दर्जा मिळतो आणि त्या काळात परदेशी उत्पन्नावर भारताचा टॅक्स लागत नाही. अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल तर अमेरिकेचा लागतोच. सामान्य रहिवासी झालात की जगभरचं उत्पन्न भारतातही दाखवावं लागतं. म्हणून जे कन्व्हर्जन करायचं ते आरएनओआर संपण्याआधी संपवा. भारताचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि अमेरिकेचं ३१ डिसेंबरला, तेव्हा दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवूनच तारीख ठरवा.