खासगी वैमानिक परवाना: कोल्हापूरकराने सुरुवात कशी करावी

छोटं विमान उडवायला शिकताना हवेतला प्रत्येक तास विकत घ्यावा लागतो, आणि तो महाग असतो. जमिनीवरचा अभ्यास जवळपास फुकट होतो. तरीही बरेच जण आधी फी भरतात, मग शिकायला बसतात, आणि घरच्या टेबलावर कळली असती अशी गोष्ट इंजिन चालू ठेवून शिकतात. माझं सांगणं असं की कोल्हापुरात राहूनच पहिले काही महिने नीट वापरा. विमानात बसाल तेव्हा फक्त हाताला शिकवायचं उरलं पाहिजे.

आधी डॉक्टर, मग फी

खासगी परवान्यासाठी वय किमान १७ आणि शिक्षण दहावी पास लागतं. त्याआधीचा विद्यार्थी परवाना १६ व्या वर्षीही मिळतो. दोन्हीला वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, निदान 'क्लास २'. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) यादीतल्या डॉक्टरांकडूनच ही तपासणी करून घ्यायची. डोळे, कान, रक्तदाब, ईसीजी, रक्त-लघवी सगळं पाहतात. चष्मा आहे म्हणून मागे फिरू नका, चष्म्यासह दिसणं पुरेसं असेल तर चालतं. रंग ओळखण्यात अडचण आहे का, हे मात्र लवकर बघा. हे सगळं उड्डाण शाळेत पैसे भरण्याआधी करा. पुढे व्यावसायिक वैमानिक व्हायचा थोडा जरी विचार असेल, तर 'क्लास १' ची तपासणीही सुरुवातीलाच उरका. शरीरातली अडचण आज कळली तर मन दुखेल, अर्ध्या प्रशिक्षणात कळली तर घरची जमापुंजीही गेलेली असेल.

डीजीसीएचं ऑनलाइन खातं उघडताना दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव, आधारवरचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव आहे की नाही, या फरकांवर अर्ज अडकतात.

टेबलावरचं बेळगाव

परीक्षेचे विषय चार: हवाई नियम, दिशाशोधन, हवामान, आणि विमान व इंजिन. पुस्तकं वाचालच. पण दिशाशोधन नुसतं वाचून येत नाही. ते कागदावर करावं लागतं, आणि त्यासाठी आपल्याला उत्तम धडा जवळच आहे.

नकाशावर उजळाईवाडीच्या, म्हणजे कोल्हापूर विमानतळाच्या, धावपट्टीपासून बेळगावच्या सांबरा विमानतळापर्यंत सरळ रेघ ओढा. अंतर भरतं सुमारे ५२ सागरी मैल (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर) आणि दिशा येते, उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजून, अंदाजे १५८ अंश, म्हणजे दक्षिणेला थोडी पूर्वेकडे झुकलेली. वारा नसेल तर ९० नॉट (तासाला ९० सागरी मैल) वेगाने हे अंतर ३५ मिनिटांचं. आता पश्चिमेकडून २० नॉटचा वारा आहे असं धरा. विमानाचं नाक १५८ वरच ठेवलंत तर वारा तुम्हाला सतत डावीकडे ढकलत राहील आणि तुम्ही सांबऱ्याच्या जवळपास २२ किलोमीटर पूर्वेला पोहोचाल. तिथे रानाशिवाय काही दिसणार नाही. म्हणून नाक सुमारे १२ अंश उजवीकडे, म्हणजे १७० वर ठेवायचं. विमान तिरकं दिसेल, पण जमिनीवरची वाट सरळ राहील.

पुढची पायरी म्हणजे वाटेवरच्या खुणा लिहून काढायच्या. आधी कागल, मग निपाणी, मग संकेश्वर. पुणे-बंगळूर महामार्ग बराच वेळ जवळ राहतो. पुढे डाव्या हाताला हिडकल धरणाचं पाणी दिसलं पाहिजे. ते उजवीकडे दिसलं तर तुम्ही पूर्वेला सरकलेले आहात. प्रत्येक खुणेपुढे अपेक्षित वेळ लिहा. निपाणी तीन मिनिटं उशिरा आली, तर वाऱ्याचा तुमचा अंदाज चुकलेला असतो आणि इंधनाचा हिशेब पुन्हा मांडायचा असतो. असे हिशेब वेगवेगळ्या वाऱ्यांचे, वेगवेगळ्या गावांचे, हात बसेपर्यंत करा. महामार्गावरून गाडीने जाताना याच खुणा खालून बघून ठेवा.

उन्हाळ्यातली हवा

उजळाईवाडीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवर आहे. त्या उंचीवर प्रमाण हवेचं (हिशेबासाठी ठरवून घेतलेल्या सरासरी हवेचं) तापमान ११ अंश धरतात. एप्रिलच्या दुपारी पारा ३७ वर असतो, म्हणजे २६ अंश जास्त. प्रत्येक जादा अंशाला अंदाजे १२० फूट मिळवा: ३,१२० फूट. त्यात मूळचे २,००० मिळवले की हवेच्या हिशेबाने उंची ५,१०० फुटांच्या वर जाते. विमान उभं आहे उजळाईवाडीत, पण पंखाला आणि इंजिनाला मिळणारी हवा महाबळेश्वरपेक्षाही उंचावरची, विरळ. साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्के घटते, त्यामुळे इथे जवळपास १५ टक्के कमी झालेली असते. धाव लांबते, चढण मंदावते. सकाळी सहज उठणारं विमान दुपारी तीच माणसं, तेवढंच इंधन घेऊन जड वाटतं, ते यामुळे.

हा हिशेब मी सगळ्यांना पाठच करायला सांगेन. लहान विमानाच्या पुस्तिकेत उंची आणि तापमानानुसार धावेचे तक्ते दिलेले असतात. ते उघडून आजच्या तापमानाचा आकडा काढल्याशिवाय उन्हाळ्यात निघूच नये.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीवही येतो. वादळी ढगापासून किमान २० सागरी मैल लांब राहायचं, खालून निसटून जायचा विचार करायचा नाही. पावसाळ्यात घाटाकडून ढग खाली उतरतात आणि कित्येक दिवस उड्डाण होत नाही. म्हणून जमलं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरुवात करा. धुकं विरलं की सकाळची हवा स्थिर मिळते, आणि सलग उडता येतं. सलग उडणं फार मोलाचं. तीन आठवड्यांचा खाडा पडला की पुढचा एखादा तास जुनंच आठवण्यात जातो.

शाळा निवडताना

कोल्हापूरहून जवळची प्रशिक्षण केंद्रं म्हणजे बेळगाव आणि बारामती. राज्यात धुळे, जळगाव, गोंदिया इथेही शिकवतात. जाहिरात बघून ठरवू नका, दोन दिवस तिथे जाऊन बसा. किती विमानं खरोखर उडतात? एका इन्स्ट्रक्टरमागे किती विद्यार्थी? विमान दुरुस्तीला गेलं तर दुसरं मिळतं का? हे प्रश्न ऑफिसमध्ये विचारा आणि कँटीनमध्ये विद्यार्थ्यांनाही विचारा. सगळी फी एकदम मागत असतील तर थांबा. टप्प्याटप्प्याने भरायची बोली करा आणि ती लेखी घ्या. उतरण्याचं शुल्क, वसतिगृह, जादा तासांचा दर हे त्यात लिहिलेलं असावं.

विमानात

पहिले धडे साधे असतात: सरळ-समतल उडणं, चढणं, उतरणं, वळणं. हात हलका ठेवा, नजर बाहेर क्षितिजावर ठेवा. वेग-उंची दाखवणाऱ्या समोरच्या घड्याळांकडे टक लावून बसणं ही नवशिक्यांची हमखास सवय, ती लवकर मोडा.

मग येतो स्टॉल, आणि इथे घाई करू नका. पंख वाऱ्याला ठरावीक कोनाहून जास्त, साधारण १५-१६ अंशांच्या पुढे, भिडला की उचल कोसळते. वेग कमी असताना हे होतं तसं जोरात वळतानाही होतं. सरळ उडताना ५० नॉटला स्टॉल होणारं विमान ६० अंश कलून उंची राखत वळताना ७० नॉटलाच स्टॉल होतं. उतरायला येताना धावपट्टीची सरळ रेघ ओलांडली गेली म्हणून शेवटच्या वळणात जास्त कलणं आणि रडरने (शेपटीच्या सुकाणूने) नाक ओढणं, यात अनेक जीव गेले आहेत. वळण चुकलं तर पूर्ण थ्रॉटल (इंजिनाची सगळी ताकद) देऊन पुन्हा फेरी मारा. त्यात कमीपणा नाही, चांगले वैमानिक हेच करतात.

घरी खुर्चीत बसून रोज सर्किटचा, म्हणजे उडून धावपट्टीभोवती फेरी मारून उतरण्याचा, सराव करा. डोळे मिटा, चेकलिस्ट मोठ्याने म्हणा, हात जिथे जायला हवेत तिथे न्या. रेडिओवरचं बोलणंही असंच घोकून घ्या. ते इंग्रजीत असतं आणि त्याचा परवाना वेगळा काढावा लागतो. इंग्रजीची भीती असेल तर ती मनातून काढा. इथे साहित्य नको असतं, ठरलेली वाक्यं स्पष्ट म्हणायची असतात. धावपट्टीचे आकडेसुद्धा दिशाच असतात: उजळाईवाडीची ०७/२५ म्हणजे एका टोकाहून ७० अंशांकडे, दुसऱ्याहून २५० अंशांकडे. पश्चिमेचा वारा असेल तर २५ वापरायची, कारण उतरताना वारा समोरून हवा.

इन्स्ट्रक्टर एक दिवस खाली उतरून दार लावतील आणि सोलोला, म्हणजे एकट्याने उडायला, पाठवतील. विमान हलकं झाल्याने लवकर उचलेल, तेवढं लक्षात ठेवा.

तास, परीक्षा आणि पुढे

परवान्याला किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. त्यात २० तास एकट्याने, आणि त्यापैकी ५ तास लांबच्या प्रवासाचे. यात एक प्रवास निदान १५० सागरी मैलांचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण उतरून. किमान हा शब्द जपून वाचा. बऱ्याच जणांना जास्त तास लागतात, तेव्हा पैशाची सोय त्याच हिशेबाने ठेवा. लेखी परीक्षेत ७० टक्के हवेत. शेवटी परीक्षकासोबत उड्डाण चाचणी होते.

हा परवाना हातात आला की तुम्ही मित्राला, आईला शेजारी बसवून नेऊ शकता, पण पैसे घेऊन उडवू शकत नाही. त्यासाठी २०० तासांचा व्यावसायिक परवाना लागतो. म्हणून शाळा निवडतानाच एक प्रश्न विचारून ठेवा: परवाना झाल्यावर तुम्ही मला विमान तासाने भाड्याने द्याल का? अनेक शाळांची विमानं व्यावसायिक विद्यार्थ्यांसाठीच राखलेली असतात. उत्तर 'नाही' असेल तर जिथे देतात तिथे शिका, थोडं लांब पडलं तरी.