स्कीइंगच्या कौटुंबिक सहलीत या चुका टाळा

नाताळच्या सुट्टीत गुलमर्ग गाठायची घाई करू नका. त्या दिवसांत पुरेसा बर्फ असेलच याची खात्री नसते. 2024 मध्ये तर जानेवारीचा बराचसा भाग तिथे कोरडाच गेला. सोलापूरकरांसाठी सोपा मार्ग म्हणजे संक्रांतीची गड्ड्याची यात्रा आटोपून, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत निघावं.

सहल सर्वांत जास्त बिघडते ती बुटांमुळे, म्हणून भाड्याच्या दुकानात हवा तेवढा वेळ घ्या. थंडी वाजेल म्हणून आया मुलांना दोन-दोन मोजे चढवतात. त्याने पाय आवळला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं आणखी गार पडतात. गुडघ्यापर्यंत येणारा, लोकरी किंवा सिंथेटिक असा एकच मोजा घाला. थर्मलची पॅंट बुटात खोचू नका, तिच्या घडीने नडगी सोलवटते.

बूट घातला की टाच मागे आपटून बसवा, मग बकल लावा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की थोडी मागे सरली पाहिजेत. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, लहान मागा. दुकानदार ‘चालतंय’ म्हणाला तरी ऐकू नका. उतारावर बोटं बधिर झाली तर फक्त पावलावरची बकल एक खाच सैल करा, घोट्यावरची घट्टच असू द्या.

दरवर्षी जाणाऱ्या घरांत एक गोष्ट हमखास राहून जाते. बूट स्कीला धरून ठेवणारं आणि पडल्यावर सोडवणारं बाइंडिंग वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि सराव पाहून लावतात. पोरं वर्षभरात वाढलेली असतात, त्यामुळे गेल्या वर्षीचा आकडा सांगून भागत नाही. मोठीची स्की धाकट्याला द्यायची तरी बाइंडिंग पुन्हा लावून घ्या. वजन सांगताना लाजू नका.

उतार दिसला की अंग आपोआप मागे झुकतं. तसं झालं की स्कीची पुढची बाजू बर्फ धरत नाही, वळता येत नाही आणि वेग वाढतच जातो. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेला टेकलेली ठेवा. आणि बाबांनी पोरांना शिकवायला जाऊ नये, प्रशिक्षक घ्या.

गिरण्यांच्या आणि चादरींच्या या गावाचा सुतावर जीव आहे, पण बर्फात सुती बनियन आणि जीन्स नकोच. घामाने भिजलेलं सूत अंगावर गारठतं. उन्हाची सवय आहे म्हणून गॉगलही टाळू नका. ताजा बर्फ अतिनील किरण मोठ्या प्रमाणात परतवतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी चुरचुर काही तासांनी सुरू होते, तोवर उशीर झालेला असतो. सनस्क्रीन हनुवटीखालीही लावा.

सोलापूर साडेचारशे मीटरच्या आसपास, गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर. पहिल्याच दिवशी गोंडोलाच्या (तिथल्या केबल कारच्या) दुसऱ्या टप्प्याने अफरवट डोंगरावर, म्हणजे 3,900 मीटरच्याही वर जाऊ नका. डोकं दुखलं, मळमळलं तर आराम करा, पाणी प्या, आणखी वर चढू नका. उलट्या थांबत नसतील, तोल जात असेल, बसल्या जागी दम लागत असेल तर लगेच खाली उतरा आणि डॉक्टर गाठा.

महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही. घरात एकाकडे तरी पोस्टपेड हवं, आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचं हे सकाळीच ठरवून ठेवा.