चिपमध्ये जिवाणू वळवताय? या चुका टाळा

मायक्रोफ्लुइडिक चिपमध्ये, म्हणजे पाण्यासाठी अतिबारीक वाटा (चॅनल) असलेल्या छोट्या तुकड्यात, जिवाणू हवे तिकडे वळले नाहीत की पहिला संशय डिझाइनवर येतो आणि नवा मास्क (चिपचा साचा बनवायचा नकाशा) मागवला जातो. डिझाइन बहुतेक वेळा ठीक असतं. घोळ असतो पाण्याच्या पातळीत, हवेत, नाहीतर खुद्द जिवाणूंच्या तब्येतीत. नागपुरात एम.एस्सी.चे प्रकल्प करणाऱ्यांनी तर उन्हाळ्यात हे आधी तपासावं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे प्रवाहालाच पोहणं समजणं. ई. कोलाय हा प्रयोगशाळेतला नेहमीचा जिवाणू सेकंदाला साधारण २०-३० मायक्रॉन पोहतो. १० मायक्रॉन खोल आणि १ सेंटीमीटर लांब चॅनल घ्या. दोन टोकांच्या पाण्याच्या पातळीत फक्त १ सेंटीमीटरचा फरक असला, तरी आतलं पाणी सेकंदाला सुमारे ८० मायक्रॉन वेगाने वाहतं. पंप बंद केला म्हणजे पाणी थांबलं, असं नाही. म्हणून दोन्ही टोकं एका पातळीत आणा आणि त्याच चिपमध्ये मारलेले जिवाणू किंवा १ मायक्रॉनचे प्लास्टिकचे मणी सोडून बघा. तेही त्याच बाजूला सरकले, तर तुम्ही मोजलात तो प्रवाह. २००७ साली प्रिन्स्टनमध्ये ऑस्टिन यांच्या गटाने नरसाळ्याच्या आकाराच्या भिंतींची रांग वापरून पोहणारे जिवाणू एका बाजूला गोळा केले. न पोहणारे तसे जमले नाहीत, म्हणूनच तो निष्कर्ष पटतो. ही तुलना नसलेला आलेख मी तरी मान्य करणार नाही.

पीडीएमएस म्हणजे चिप ज्याची बनते ते पारदर्शक सिलिकॉन रबर; त्यातून पाण्याची वाफ बाहेर जाते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो आणि हवा ठणठणीत कोरडी असते. मग मीडियम (जिवाणू ज्यात असतात ते द्रव) दाट होतं, क्षार वाढतात, आणि उडालेल्या पाण्याची जागा भरायला टोकांकडून नवं पाणी ओढलं जातं. चिप आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवा. प्रयोग चालू असताना ती झाकलेल्या पेट्री डिशमध्ये, ओल्या टिश्यूसोबत असू द्या. कूलरचा झोत मायक्रोस्कोपवर नको. तापमान हललं की फोकसही हलतो.

बुडबुडे? फ्रिजमधलं मीडियम थेट भरू नका, गरम होताना त्यातली विरघळलेली हवा सुटते. चिप चिकटवताना केलेल्या प्लाझ्मा प्रक्रियेने पृष्ठभाग पाणी धरतो; त्यानंतर चिप लवकर भरा, कारण पृष्ठभाग पुन्हा पाणी झटकू लागतो. अडकलेल्या बुडबुड्यासाठी आउटलेट बंद करून हलका दाब द्या. हवा पीडीएमएसमधून निघून जाते.

चिपमध्ये सोडण्याआधी कल्चरचा (वाढवलेल्या जिवाणूंच्या द्रवाचा) थेंब साध्या स्लाइडवर बघा. तिथेच पोहत नसतील तर चिप काय करणार! ग्लुकोज घातलेलं मीडियम आणि रात्रभर वाढवून थकलेलं कल्चर टाळा. ट्रिप्टोन ब्रॉथ या पोषक द्रवात ३० अंशांच्या आसपास वाढवा आणि वाढ जोमात असतानाच घ्या. व्होर्टेक्स (नळी गरगर हलवणारं यंत्र) आणि जोरदार पिपेटिंगने फ्लॅजेला, म्हणजे पोहायच्या शेपट्या, तुटतात.

नागपूरच्या फुटाळा तलावाच्या पाण्यात युग्लीना हा एकपेशीय जीव मिळाला तर तो सुमारे ५० मायक्रॉन लांब असतो, त्याला रुंद चॅनल लागतं. मायक्रोस्कोपच्या दिव्याला लाल फिल्टर लावा. निळा प्रकाश त्याची दिशा बदलतो.

जिवाणूलाच वेगळा आकार द्यायचा असेल, तर सेफालेक्सिन या प्रतिजैविकाने विभाजन थांबवून जिवाणूला साच्यात लांब वाढू देतात. हार्वर्डच्या व्हाइटसाइड्स गटाने २००५ मध्ये असेच वळलेले ई. कोलाय मिळवले होते. इथे घाई नडते. नुसती वाकवलेली पेशी सोडली की बरीचशी सरळ होते. पेशीभित्तिका (पेशीची बाहेरची भिंत) त्या वळणातच वाढलेली असेल, तरच आकार टिकतो.